दोन रजबांचं साल

"ताई, यातला कोणता रजब?"

मुजावरमामांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, तेव्हा माझं अर्धं लक्ष भिंतीवरच्या घड्याळात होतं. शनिवार होता. दफ्तरखाना एक वाजता बंद होणार होता आणि मला एका तळटीपेसाठी रुमालाचा क्रमांक तेवढा पडताळून पाहायचा होता. रुमाल म्हणजे जुन्या कागदांचं कापडात बांधलेलं गाठोडं. असे हजारो रुमाल त्या इमारतीत होते आणि त्यांतल्या मोडीची नस ठाऊक असलेले मुजावरमामा एकटेच होते. त्यांनी गाठ सोडून पत्र काढलं, सवयीने मोठ्याने वाचलं आणि 'पाच रजब' या मुसलमानी महिन्यातल्या तारखेपाशी अडून बसले.

"कोणता म्हणजे? हर्डीकरबाईंच्या पुस्तकात छापलंय की, मे सतराशे एक्कावन्न," मी म्हटलं.

"छापलं असंल. पण त्या साली रजब दोनदा आला होता."

मी हसले. मामांना थट्टा करायची सवय होती, आणि एखाद्या साली दोन दिवाळ्या आल्या म्हणावं तसं ते बोलणं होतं. पण मामा हसले नाहीत.

आज या गोष्टीला दहा वर्षं झाली, तरी ती दुपार आठवली की मी खुर्चीत नीट बसू शकत नाही. तेव्हा माझी पीएच.डी. गळ्याशी आली होती. प्रवेश परीक्षा, मुलाखत, कोर्सवर्क, विषयाचा आराखडा मंजूर होणं, मग दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल. त्यातल्या निम्म्या अहवालांत प्रगती कमी आणि अहवालच जास्त. चार वर्षांची मुदत होती, तिच्यावर दोन वाढीव वर्षंही घेऊन झाली होती. ज्युनिअर कॉलेजात शिकवून, घर सांभाळून मी कशीबशी शेवटाला आले होते. सोमवारी प्री-सबमिशन सेमिनार, म्हणजे समितीपुढे सगळा प्रबंध तोंडी मांडायचा. समितीने मान डोलावली की प्रत जमा करायची. गुरुवारी नोंदणीची मुदत संपत होती. तिसरी वाढ नियमातच नव्हती. त्यातच माझ्या मार्गदर्शक हर्डीकरबाई त्याच महिनाअखेर निवृत्त होणार होत्या. मुदत हुकली असती तर नवी नोंदणी, नवा मार्गदर्शक, नवा आराखडा, पुन्हा श्रीगणेशा. माझ्याच्याने ते झालं नसतं, हे मला पक्कं माहीत होतं.

माझा विषय होता अठराव्या शतकातली कृष्णेवरची नावांची वाहतूक. सगळा डोलारा कासेवाडी नावाच्या एका गावच्या घाटावर उभा होता. त्या घाटावर नाव सुरू करावी असा सरकारी हुकूम जानेवारी १७५१ मधला. आणि मामांच्या हातातलं ते पत्र कासेवाडीच्या नावाड्यांचं: नाव लोटली, खेपा सुरू जाहल्या, हुजूर विदित व्हावे. बाईंनी पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या पत्रसंग्रहात ते छापलं होतं आणि त्यावर मे १७५१ ही तारीख घातली होती. आधी हुकूम, मग नाव. सरकारने वाहतूक उभी केली, लोकांनी ती चालवली. माझ्या प्रबंधाचं पहिलं वाक्य तेच होतं आणि शेवटचंही जवळपास तेच.

"मामा, नीट सांगा," मी म्हटलं.

त्यांनी टेबलावर बोटाने एक लांब रेघ ओढली. या कागदावरचं साल अरबी असलं तरी ते मृगाला सुरू होतं, म्हणजे सूर्यावर चालतं, हे मला ठाऊक होतं. महिने मात्र चंद्राचे, हेही ठाऊक होतं. चंद्राचे बारा महिने सूर्याच्या वर्षाहून अकरा दिवसांनी आखूड, हे तर शाळेतली पोरंही सांगतील. या तीन गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवून कधी पाहिल्या नव्हत्या, एवढंच.

"आमच्या पिराचा उरूस रजबात असतो," मामा म्हणाले. "दरसाल अकरा दिवस मागं येतो. जत्रेचा पाळणेवाला आम्हाला शिव्या घालतो, तारीख एक धरा म्हणून. आता बघा. त्या साली मृग निघाला तो रजबाच्या तोंडाला. बारा महिने सरले, रजब पुन्हा आला, तरी साल संपायला अकरा दिवस हायतच. म्हणजे साल उजाडलं रजबात आणि मावळलं पण रजबात. पाच रजब दोनदा आला. एक सुरुवातीला जूनमधला, सन पन्नासचा. एक शेवटी मे महिन्यातला, एक्कावन्नचा. आता सांगा, ह्यो कोणता?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पत्र जूनमधलं असेल तर ते सरकारी हुकुमाच्या सात महिने आधीचं होतं. म्हणजे हुकूम यायच्या आधीच नाव पाण्यात होती. कोणी न सांगता. मग सरकारने उभं काय केलं? आणि माझ्या प्रबंधात उरलं काय?

"पुस्तकात मे कशावरून घातलं?" मामांनी विचारलं.

बाई तारखांच्या बाबतीत वाघीण होत्या. तारीख चुकवणाऱ्या विद्यार्थ्याला त्या वर्गाबाहेर काढत. त्यांनी छापलेली तारीख तपासायची असते, हे सहा वर्षांत माझ्या मनाला शिवलंही नव्हतं. त्यांच्या पुस्तकावरून आणि कागदाच्या पुढच्या बाजूच्या झेरॉक्सवरून मी सगळं काम उरकलं होतं.

"पैवस्ती बघू," मामा म्हणाले.

पैवस्ती म्हणजे पत्र पोचल्याची नोंद. कारकून ती पत्राच्या पाठीवर करायचा. पण हा कागद फाटू नये म्हणून कोणे एके काळी त्याच्या पाठीला जाड कागद डकवला होता. पाठ झाकलेली. मामांनी तो दोन्ही तळहातांवर घेतला, खिडकीशी गेले आणि उलटा करून काचेवर अलगद धरला. बाहेर लख्ख ऊन होतं. मी त्यांच्या खांद्याआडून डोकावले. आधी नुसता पिवळा धुरळा दिसला. मग कोपऱ्यात, जिथे पुढच्या बाजूला काही लिहिलेलं नव्हतं तिथे, मुंग्यांची रांग जावी तशी एक ओळ उमटली.

"पैवस्ती," मामा हळूहळू वाचू लागले. "छ, म्हणजे चंद्राची तारीख... वीस. वीस रजब. सन..." ते थांबले. चष्मा काढून पुसला, परत लावला. "सन पुढच्या बाजूला हाय तेच. इहिदे खमसैन. तेच साल, ताई."

मला समजायला दोन क्षण लागले आणि मग अंगावर सरसरून काटा आला. मी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. सालाच्या शेवटी आलेला रजब अकरा दिवसांचाच होता; विसावा दिवस उजाडेपर्यंत नवं साल लागलं असतं. वीस रजब आणि तेच साल, हे फक्त सुरुवातीच्याच रजबात बसत होतं. पत्र पाच रजबला लिहिलं, वीसला पोचलं, जून १७५० मध्ये. शंकेला जागाच नव्हती.

मी मामांचे दोन्ही हात धरले आणि तिथेच उड्या मारायला लागले. चाळिशी ओलांडलेली बाई मी. मामा कागद वाचवत म्हणाले, "अहो ताई, फाटंल." मला हसू येत होतं आणि रडूही. दोनशे पासष्ट वर्षांपूर्वी कोणा नावाड्यांनी हुकमाची वाट न पाहता नदीत नाव घातली होती आणि ते आजच्या घडीला जगात आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. सहा वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, मी इतिहास करतेय.

एक वाजला. मामांनी रुमाल बांधला. बाहेर उन्हात आल्यावर मी फाटकातच थांबले. कारण सोमवार काही लांब नव्हता, आणि ती तारीख बाईंनी छापली होती.

रिक्षा करून मी थेट बाईंच्या घरी गेले. त्या माझ्याच प्रबंधाची प्रत पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. चेहरा प्रसन्न. मला बघताच म्हणाल्या की बाविसावी आणि शेवटची विद्यार्थिनी म्हणून मी त्यांची लाज राखली आहे, ग्रंथसूचीत अवघ्या दोन चुका सापडल्या. मग त्यांनी मला पन्हं दिलं. मी पेला खाली ठेवला आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. दोन रजब, पाठीवरची ओळ, वीस तारीख, तेच साल.

मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "कोणी वाचलं?"

"मुजावरमामांनी. मीही पाहिलं."

"आणखी कोणाला सांगितलंत?"

"नाही."

त्या उठून खिडकीशी गेल्या. बराच वेळ पाठमोऱ्या उभ्या होत्या. मग वळल्या तेव्हा चेहऱ्यावर प्रसन्नतेचा मागमूस नव्हता.

"सोमवारी जे छापलंय तेच मांडायचं. एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही."

"पण बाई, ते खोटं आहे."

"मुळीक, मी काय सांगितलं?"

बाई मला नेहमी आडनावाने आणि अहोजाहो करून बोलत. पण त्या दिवशी ते 'मुळीक' कानाखाली वाजल्यासारखं लागलं. मी पर्स उचलून निघाले. दारापर्यंत पोचवायलाही त्या आल्या नाहीत.

रविवार कसा गेला ते माझं मला माहीत. मला बाईंचा राग आला होता. असा राग की भाजीत दोनदा मीठ पडलं. आयुष्यभर आम्हाला पुराव्याचे धडे दिले आणि स्वतःच्या पुस्तकावर आलं तसं तोंड फिरवलं. निवृत्तीच्या समारंभाला शाल घ्यायची, गौरवपर भाषणं ऐकायची, त्याआधी नको डाग. यजमान म्हणाले, बाई सांगतात तसं कर, डिग्री पदरात पाडून घे, मग लिही हवं ते. मला तेही पटत होतं. तीच तर पंचाईत होती. खोटं मांडलं तर गुरुवारी प्रत जमा होणार आणि मी डॉक्टर होणार. खरं मांडलं तर सहा वर्षं पाण्यात. संध्याकाळपर्यंत मी चार वेळा एक ठरवलं आणि पाच वेळा दुसरं. पाचव्यांदा ठरवलं ते टिकलं.

सोमवारी बाराला सेमिनार होता. समितीचे अध्यक्ष डॉ. खराडे, बाईंचे जुने सहकारी आणि तितकेच जुने प्रतिस्पर्धी, दहा मिनिटं आधीच येऊन बसले होते. विभागातले प्राध्यापक, दहाबारा विद्यार्थी. बाई मात्र नव्हत्या. त्या बाराला पाच मिनिटं असताना आल्या. जन्मात कधी त्यांच्या साडीची निरी इकडची तिकडे पाहिली नव्हती, आणि आज पदरावर धुळीचा पट्टा आणि केसांत कसलंसं कापडाचं सूत. मला वाटलं, केबिनमधली कपाटं आवरत असतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

मी उभी राहिले. पहिली तीन प्रकरणं मांडली. आवाज माझा मलाच परका वाटत होता. चौथं प्रकरण कासेवाडीचं. मी कागद खाली ठेवले.

"इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे," मी म्हटलं. "प्रबंधात जे लिहिलंय त्यात मी स्वतःहून..."

"थांबा."

बाई उभ्या राहिल्या होत्या. "उमेदवारांनी जे लिहिलंय तेवढंच मांडावं. प्रास्ताविकं नकोत. मांडा."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. माझे कान तापले. क्षणभर वाटलं, कागद फेकून निघून जावं. पण सहा वर्षांच्या धाकाची सवय इतकी की जीभ आपोआप लिहिलेलं वाचू लागली: आधी हुकूम, मग नाव. वाचताना डोळ्यांत पाणी आलं ते कोणाला दिसू नये म्हणून मी मान वर केली नाही. कसंबसं शेवटचं प्रकरण संपवलं.

"प्रश्न?" खराडेसर म्हणाले.

"मला विचारायचाय," बाई म्हणाल्या.

मार्गदर्शकाने आपल्याच विद्यार्थ्याला प्रश्न विचारायचा रिवाज नाही. खराडेसरांच्या भुवया वर गेल्या.

"कासेवाडीच्या पत्राची तारीख उमेदवारांनी कुठून घेतली?"

माझा विश्वास बसेना. "आपल्या पुस्तकातून," मी म्हटलं.

"मूळ कागदाची पाठ पाहिलीत?"

"पाहिली."

"काय दिसलं?"

मी बाईंकडे पाहिलं. त्यांची नजर करडी होती, पण त्या ओठ दाबून उभ्या होत्या, जशी एखादी मुलगी गुपित फुटू नये म्हणून उभी राहते. आणि मग माझा बांध फुटला. मी खडू घेतला, फळ्यावर मामांची ती लांब रेघ ओढली. एका टोकाला मृग, दुसऱ्या टोकाला मृग, दोन्ही टोकांना रजब. कुठला शब्द कसा आला आठवत नाही. वीस तारखेपाशी आले तेव्हा मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी नकळत उठून उभा राहिला. खराडेसर स्वतःच्या बोटांवर मोजत होते. मोजून झालं तसे ते खुर्चीत मागे टेकले.

"मी आज सकाळी साडेदहाला दफ्तरखान्यात जाऊन पाहिलं," बाई म्हणाल्या. "मुजावरांनी वाचलं, मीही वाचलं. वीस रजब, साल तेच. पत्र जून पन्नासचं आहे."

"म्हणजे सगळा निष्कर्षच उलटा होतो," खराडेसर म्हणाले. "बाई, मग नवी नोंदणी?"

"उमेदवाराने स्वतःहून मजकूर फिरवला तर नवी नोंदणी. सेमिनारमध्ये समितीने चूक दाखवली तर दुरुस्तीसाठी सहा महिने, नोंदणीची मुदत संपली तरी. नियम अकरा, पोटकलम तीन. मी समितीची सदस्य आहे, चूक मी दाखवली आहे. शीर्षक बदलत नाही. आणि समितीने सुचवलेली दुरुस्ती पाहण्याची जबाबदारी निवृत्तीनंतरही त्याच मार्गदर्शकाची, तेही त्यातच आहे."

ती नियमावली मी सहा वर्षांत सहीपुरती उघडली होती. शनिवारचं 'एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही' मला आत्ता, उभ्या उभ्या कळलं. आणि मघाशी मी स्वतःहून म्हणायला तोंड उघडलं होतं, त्या एका शब्दाने माझी सहा वर्षं गेली असती, हेही कळलं.

खराडेसरांनी नियमावली मागवली, पोटकलम वाचलं आणि टोपण काढून इतिवृत्त लिहू लागले. सभ्य माणूस. लिहिता लिहिता वाचून दाखवलं: संबंधित पत्राच्या तारखेबाबत फेरविचार व्हावा.

"फेरविचार नको," बाई म्हणाल्या. "चूक लिहा. आणि कोणाची ते लिहा. मार्गदर्शकाच्या प्रकाशित ग्रंथातील तारीख चुकीची आहे. नाव घाला. नाहीतर उद्या कोणी म्हणेल, मुळिकांनी हयगय केली."

खराडेसरांचं पेन थांबलं. ज्या बाईंची एक चूक सापडावी म्हणून त्यांनी तीस वर्षं वाट पाहिली, ती त्यांच्या पुढ्यात ताटात वाढून आली होती आणि त्यांना ती लिहवत नव्हती. "बाई, महिनाअखेर निवृत्ती आहे तुमची," ते हलक्या आवाजात म्हणाले.

"म्हणून तर आज लिहा."

त्यांनी लिहिलं. बाईंनी खाली सही केली, नेहमीसारखी लांबलचक, पूर्ण नावाची.

व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. माफी मागायची होती, पण तोंडातून भलतंच निघालं. "बाई, शनिवारी एवढं सांगितलं असतंत तर?"

"तुम्हाला नाटक येत नाही. पहिल्याच वाक्याला खराड्यांनी ओळखलं असतं," त्या म्हणाल्या. मग कठड्याला टेकल्या. "आणि खरं सांगू? शनिवारी मला कुठे धीर होता. शनिवारी खिडकीशी उभी होते ना, तेव्हा मी मुदतीचा विचार करत नव्हते. नियम मला रविवारी सुचला."

मीही शेजारी कठड्याला टेकले.

"तारखा मला येत होत्या हो," त्या म्हणाल्या. "दोन रजब मलाही ठाऊक होते. पण हुकूम निघाल्याशिवाय कोणी नदीत नाव लोटेल, हे डोक्यातच आलं नाही. म्हणून मे घातलं. पाठ बघायची गरजच वाटली नाही."

असं म्हणता म्हणता त्यांचा चेहरा बदलला. गाल लाल झाले, डोळे चमकायला लागले. माझा दंड धरून त्या विचारायला लागल्या: नाव कोणी बांधली असेल? लाकूड कुठलं? आणि सात महिने चाललेली नाव सरकारला दिसली तेव्हा हुकूम काढायची घाई का झाली? दफ्तरखाना साडेपाचला बंद होतो, आत्ता निघालो तर तीन रुमाल होतील, असा हिशेबही त्यांनी करून टाकला. सहा वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. मीही बोलत सुटले. येणारे जाणारे आमच्याकडे वळून बघत होते.

जिन्यावर मला एकदम धास्ती वाटली. सहा महिन्यांत सगळा प्रबंध उलटा करायचा होता, पहिल्या ओळीपासून.

"बाई, पहिलं वाक्य आता काय लिहू?"

"मला काय विचारता?" त्या पायऱ्या उतरत म्हणाल्या. "मार्गदर्शक चुकतात असं आत्ताच लेखी दिलंय मी. आता तुमचं तुम्ही लिहा."

त्या पुढे, मी मागे. दफ्तरखान्याकडे जाणाऱ्या रिक्षात बसल्या बसल्या मी सेमिनारच्या कागदाच्या पाठीवर लिहिलं: हुकूम निघाला तेव्हा नाव सात महिने पाण्यात होती.